डाव्या सीटचा पट्टा

१

श्यामकांतने गाडीचे पुढचे ब्रेक घरीच बदलायचं ठरवलं ते काही काटकसरीपायी नाही, आणि हौसेपायी तर मुळीच नाही. ते त्याने अजेयपायी ठरवलं.

अजेय दमदमला राहायचा, एका आयटी कंपनीत होता, आणि कलकत्त्यातल्या मूठभर मराठी घरांमध्ये गाडीतलं खरोखर कळणारा तो एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी बँकेने श्यामकांतची इथे बदली केली, तेव्हापासून गाडीचं काही बारीकसारीक निघालं की अजेय रविवारी बालीगंजला यायचा आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बाह्या सरसावून बसायचा. त्याला बॅटरी धरायची श्यामकांतची बायको, सुचित्रा. खरं तर श्यामकांतचेही हात रिकामेच असायचे. पण अजेयची हाक यायची ती "वहिनी, जरा उजेड दाखवा" अशी. मग खालून हसण्याचा आवाज वर यायचा आणि श्यामकांत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहाचा कप धरून तो ऐकत राहायचा. ऑइल फिल्टर बदलताना एवढं हसण्यासारखं काय असतं, असं त्याने एकदा विचारलंही होतं.

"काही नाही रे, असंच," सुचित्रा म्हणाली होती.

असंच! मुलगी आभा पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात सुचित्रा असंच कधी हसली नव्हती. श्यामकांत घरी आला की ताट वाढायची, बातम्या लागायच्या, नि दोघं आपापल्या फोनात डोकं घालायची. त्याच्या मनात भीती होती ती साधी होती. ही बाई आपल्यावाचून सुखात राहू शकते, आणि ते तिला एक ना एक दिवस कळणार.

त्यामुळे ब्रेक करकरायला लागले तेव्हा त्याने कुणाला फोन केला नाही. अकरा व्हिडिओ पाहिले, डिस्क आणि पॅड मागवले, आणि सप्टेंबरच्या सतरा तारखेला रजा टाकली.

त्या दिवशी कलकत्त्यातलं एकही गॅरेज उघडं नसतं. विश्वकर्मा पूजा असते. यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, हत्यारांना हात लावत नाहीत, आणि गच्च्यागच्च्यांवरून पतंग उडतात. श्यामकांतने जॅक लावला तसा म्हातारा दरवान खुर्चीवरून उठून आला.

"आजके जोन्त्रे हात दिते नेई, दादा," तो म्हणाला. आज हत्यारांना हात लावायचा नसतो.

"हमारा दिन अलग होता है," श्यामकांत म्हणाला. "खंडेनवमी. अभी देर है."

हत्यारांची पूजा आपल्याकडे खंडेनवमीला, मग सतरा सप्टेंबरचा आपल्याला काय विटाळ? हिशेब सरळ होता. दरवान परत गेला आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. श्यामकांतने चाकं काढली, पॅड दाबणारे कॅलिपर सोडवून तारेने वर टांगले, जुन्या डिस्क हातोडीने ठोकून काढल्या, नव्या बसवल्या. दुपारी चारला सगळं जागच्या जागी होतं. मग तो सुचित्राला हात धरून खाली घेऊन आला.

"अरे वा!" ती म्हणाली. आणि एक श्वास सोडून, "अजेयना एकदा दाखवून घ्यायचं का?"

श्यामकांतच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याने रात्री जेवताना पाणीसुद्धा तिच्याकडे मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं.

२

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पार्क सर्कसच्या सिग्नलला त्याने ब्रेक दाबला आणि गाडी थरथरली.

तो घाबरला नाही. व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला कारणं पाठ असतात. नवी डिस्क बसवण्याआधी तिच्यामागचा हब तारेच्या ब्रशने घासायचा असतो. तिथे गंजाचा एक पापुद्रा जरी राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक दाबला की सगळी गाडी हादरते. आपण हब घासला, पण मन लावून घासला नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. संध्याकाळी त्याने पुन्हा चाकं उतरवली, हब आरशासारखा केला, नट समोरासमोरचे एकेक करत मापाने आवळले. दुसऱ्या सकाळी त्याच सिग्नलला, तीच थरथर.

मग त्याने डायल गेज मागवलं. हे घड्याळासारखं उपकरण डिस्कला टेकवून डिस्क फिरवायची, ती वाकडी असेल तर काटा हलतो. काटा हलला नाही. दोन्ही बाजूंना, तीन-तीनदा, काटा जवळजवळ जागचा हलला नाही. श्यामकांतला आनंद व्हायला हवा होता. काम चोख झालं होतं. पण मग हादरत काय होतं?

तिसऱ्या सकाळी त्याने नीट लक्ष दिलं. स्टिअरिंगवर हलकी बोटं ठेवली, ते शांत होतं. पाय पेडलवर होता, पेडलही शांत. मग डावा हात सहज शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर ठेवला, आणि थरथर तिथे होती. तीही कशी, तर यंत्राची एकसारखी नव्हे. थोडी थांबायची, पुन्हा उसळायची, जशी वर्गात हसू दाबणाऱ्या पोराची पाठ हलते.

सिग्नल लाल होता. गाडी उभी होती, म्हणजे चाकंही उभी होती. इंजिनाचा हादरा असेल म्हणून त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

सीट आणखी चार-पाच श्वास हलत राहिली. मग डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि बीप, बीप, बीप असा आवाज सुरू झाला. डाव्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की होतो तो.

मागच्या मिनीबसने भोंगा वाजवला. श्यामकांतने हात काढून घेतला आणि गाडी चालू केली. सीटखालची वायर सैल असणार, तो स्वतःला म्हणाला. वायर सैल असली की बीप होतो. सीटचा बोल्ट ढिला असला की सीट हलते. दोन वेगळे दोष एकाच वेळी यायला हरकत काहीच नसते.

संध्याकाळी बघितलं तेव्हा वायर घट्ट होती आणि चारही बोल्ट पक्के होते.

३

"तुला गाडीत थरथर जाणवते का?" त्याने रात्री जेवताना विचारलं.

सुचित्रा आठवड्यातून तीनदा अलीपूरच्या एका शाळेत गणित शिकवायला जायची, तेव्हा गाडी तिच्याकडे असायची.

"छे," ती म्हणाली. "उलट ब्रेक किती मऊ लागतोय. छान केलंस तू."

छान केलंस तू! एरवी त्याने हे शब्द ताटात वाढून घेतले असते. पण ती हे बोलताना त्याच्याकडे बघत नव्हती, कुठेतरी बघून मंद हसत होती. गेल्या आठवड्यात तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं, हे त्याला एकदम दिसलं. केसांना नवी क्लिप होती. स्वयंपाकघरात ती गुणगुणत होती.

"आणि बीप?"

"तो वाजतो. मग मी पट्टा लावून टाकते."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सीटला." ती हसली. "पट्टा लावला की गप्प बसतो."

"वीस मिनिटांच्या वाटेला तुला हल्ली पाऊण तास लागतो."

"तळ्यावरून येते. सदर्न अ‍ॅव्हेन्यूला झाडं आहेत, बरं वाटतं." तिने भाजीत चमचा फिरवला. "गाडीत बरं वाटतं मला हल्ली. कुणीतरी आपलं ऐकून घेतंय असं वाटतं. हसू नकोस."

श्यामकांत हसला नव्हता. कोण ऐकून घेतंय? पाऊण तास, झाडाखाली, पट्टा लावून कोण बसतंय? त्या रात्री त्याने मनातल्या मनात अजेयचे शंभर तुकडे केले आणि सकाळी उठून पहिलं काम म्हणजे खाली जाऊन डाव्या सीटचा वास घेतला. दरवान बघत होता. सीटला कसलाच परका वास नव्हता. होता तो घरातलाच, त्यांच्या कपाटातला, इस्त्रीच्या कपड्यांचा.

४

अजेयला सुचित्रानेच फोन केला. "यांना गाडीत काहीतरी जाणवतंय म्हणे," असं सांगितलं. शनिवारी दुपारी तो आला, ताडमाड, हसतमुख, हातात मिठाईचं खोकं.

"श्यामदा, तुम्ही तर आमच्या पोटावर पाय आणला!" कलकत्त्यात राहून त्याला सगळ्यांना दा लावायची सवय लागली होती. "चला, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा."

श्यामकांत डाव्या सीटवर बसला आणि तिथेच थांबला. ही सीट सुचित्राच्या मापाची असायची, पुढे ओढलेली, पाठ ताठ. आता ती मागे होती, पाठ जराशी कललेली, डोक्यामागची उशी दोन खाचा वर. अजेय बसत असता तर त्याचे लांबलचक पाय मावायला ती शेवटपर्यंत मागे गेली असती. ती तेवढी मागे नव्हती. ज्या मापाला श्यामकांतचे स्वतःचे गुडघे सुखाने बसावेत, तेवढीच मागे होती.

अजेयने बालीगंज फाडीच्या चौकापर्यंत गाडी नेली, हळू ब्रेक लावला, कचकन लावला, उतारावर लावला. गाडी लोण्यासारखी थांबत होती.

"झकास काम आहे," तो म्हणाला. "गॅरेजवालासुद्धा एवढं मन लावून करत नाही. कुठे आहे तुमची थरथर?"

श्यामकांतला राहवलं नाही. "अजेय, खरं सांग. तू या सीटवर बसतोस?"

"म्हणजे?"

"सुचित्राबरोबर. तळ्यावर."

अजेयने गाडी बाजूला घेतली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, आणि जे राहिलं त्यात राग कमी आणि वाईट वाटणं जास्त होतं.

"जूनमध्ये बॅटरी बदलली, त्यानंतर आज बसतोय मी या गाडीत," तो म्हणाला. "वहिनींनी परवा फोनवर काय सांगितलं माहितीय? म्हणाल्या, हे हल्ली खूप बदललेत, पूर्वीसारखे बोलतात. मला आनंद झाला ऐकून. आणि तुम्ही..." त्याने चावी काढून श्यामकांतच्या हातात ठेवली आणि उतरून मेट्रोकडे चालायला लागला.

श्यामकांत तसाच बसून राहिला. अजेय खोटं बोलत नव्हता, हे त्याला कळत होतं. आणि तेच वाईट झालं. अजेय होता तोवर मत्सराला निदान नाव-गाव होतं. आता नुसता जळफळाट उरला, आणि तो ज्याच्यावर काढायचा त्या माणसाची दोनच मापं ठाऊक होती, गुडघ्याची आणि पाठीची. पूर्वीसारखे बोलतात. पण तो तर महिनाभर तिच्याशी धड बोललाच नव्हता.

५

घरी आणताना गाडीत तो एकटा होता. पहिल्याच ब्रेकला डावी सीट हलायला लागली.

त्याने डोकं थंड ठेवून विचार केला, बँकेतली फाइल वाचतात तसा. शेजारी सुचित्रा असली की थरथर नाही. अजेय चालवत असताना तो स्वतः तिथे होता, तेव्हाही नाही. म्हणजे डाव्या सीटवर माणूस असला की नाही. सुचित्रा एकटी चालवते, तेव्हा सीट रिकामी असते, आणि तरीही नाही. म्हणजे तिच्याबरोबर सीट रिकामी नसते. पुढचं वाक्य त्याने केलं नाही. सदर्न अ‍ॅव्हेन्यूला झाडाखाली गाडी उभी केली. ऊन लख्ख होतं, फुटपाथवर एक बाई लिंबाचं सरबत विकत होती, शाळेची पोरं आरडत चालली होती. बीप वाजत होता.

त्याने वाकून डाव्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन लावला.

बीप थांबला. थरथरही थांबली, कुणी खांद्यावर हात ठेवल्यावर थांबावं तशी.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटला चिकटून बसतो. हे तो लहान पोरालाही सांगू शकला असता, आतली गुंडाळी तो ओढून घेते. हा पट्टा चिकटला नव्हता. खांद्यापासून खाली कमरेपर्यंत तो सीटपासून वीतभर पुढे होता, आणि मधोमध किंचित फुगलेला. श्यामकांत बघत राहिला. मग दिसलं की तो स्थिरही नाही. अगदी थोडा पुढे येत होता आणि मागे जात होता. संथ, सुखात बसलेल्या माणसाचा श्वास जातो येतो तसा.

गुंडाळी अडकली असेल. नवी गाडी नाही, सहा वर्षं झाली, अडकते. त्याने हात पुढे केला. पट्टा आणि सीट यांच्यामधल्या त्या वीतभर जागेत बोटं घालायची, एवढंच करायचं होतं. बोटं मध्ये गेली. हवा ऊबदार होती, पण उन्हात उभ्या गाडीत हवा ऊबदार असणारच. तळहात आणखी आत गेला आणि त्याला पाठीवर टकटक जाणवली. मागच्या खिशातला फोन होता. सुचित्राचा मेसेज होता. "आज फारच छान वाटलं. थँक यू."

सकाळी ती एकटीच गाडी घेऊन तळ्यावरून आली होती, आणि तो दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने पट्टा सोडला, गाडी तिथेच ठेवली आणि घरापर्यंत चालत गेला. घाबरला होताच, पण चालताना जी गोष्ट त्याला आतून कुरतडत होती ती भीती नव्हती. सीटवर कोणी का असेना, भूत असो, सैतान असो. सुचित्रा त्याला थँक यू म्हणत होती.

६

रात्री सुचित्राच जाऊन गाडी घरी घेऊन आली. रविवारी सकाळी तो म्हणाला, "तू चालव. मी मागे बसतो. मागून ऐकलं की आवाज कुठून येतो ते कळेल."

"बस की," सुचित्रा म्हणाली. तिने निळा कुर्ता घातला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी घालायची तसा. तिने गाडीत बसल्याबरोबर, बीप वाजायच्या आधीच, डावीकडे वाकून पट्टा लावला. किती सवयीने लावला! हात सीटला न लागता वळसा घालून गेला. श्यामकांत डाव्या सीटच्या बरोबर मागे बसला होता. समोर डोक्याची उशी होती, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. फक्त खांद्यावरून येणारा पट्टा दिसत होता, आणि तो ताणलेला होता.

गोलपार्क ओलांडलं, झाडं सुरू झाली. रस्ता रिकामा होता. ती बोलायला लागली.

"आभाचा काल फोन होता. रडत होती थोडी."

"का?" श्यामकांतने विचारलं.

ती थांबली, ऐकल्यासारखं केलं, मग मान डोलावली. "हो, तेच म्हटलं मी तिला. पहिलं वर्ष सगळ्यांना जड जातं."

"मी फक्त का विचारलं," श्यामकांत म्हणाला.

तिने ऐकलं नाही. ती आईच्या गुडघ्याबद्दल बोलली, शाळेतल्या एका पोरीबद्दल बोलली, आणि मध्येमध्ये थांबत गेली. तेवढं थांबणं कुणाच्या तरी उत्तरापुरतं असायचं. एकदा ती खळखळून हसली. खालच्या पार्किंगमधून वर यायचं तेच हसू. ते इतक्या जवळून त्याने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याचा जीव जळला, आणि त्याच वेळी त्याला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं.

"सुचित्रा," तो मोठ्याने म्हणाला. "मागे बघ."

ब्रेक लागला, मऊ. तिचा डावा हात आपसूक शेजारी आडवा गेला, आपलं माणूस पुढे जाऊ नये म्हणून जातो तसा, आणि हवेत कुठेतरी टेकून राहिला.

श्यामकांतने खिडकीकडे तोंड वळवलं. डाव्या बाजूचा बाहेरचा आरसा कुणीतरी आत वळवला होता. त्यात पुढच्या खिडकीचा कोपरा दिसत होता. खिडकीत कोपर टेकलेलं होतं. इस्त्रीच्या निळ्या रेघांच्या शर्टाची बाही, मनगटावर चामड्याचा पट्टा असलेलं घड्याळ, आणि घड्याळाच्या काचेवरची खरचटलेली रेघ. त्याने आपल्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथेही होतं, तीच रेघ होती. फक्त मनगट त्याला ओळखीचं वाटलं नाही.

आरशातला चेहरा वर यायच्या आत त्याने डोळे मिटले. दाराची कडी ओढली. कडी हलकीच वर-खाली झाली, दार उघडलं नाही.

तळ्याच्या वळणावर सुचित्राने गाडी थांबवली.

"घरी जायचं, की आणखी एक फेरी?" तिने विचारलं.

श्यामकांतने तोंड उघडलं.

"तू म्हणशील तसं," पुढच्या सीटवरून श्यामकांतचा आवाज म्हणाला. त्याचाच आवाज, जराही फरक नाही, पण असा निवांत आणि मायेचा की तसा तो स्वतः शेवटचा कधी बोलला होता हे त्याला आठवेना.

सुचित्रा हसली. गाडी मागे घ्यायला तिने गिअर टाकला आणि वर आरशात पाहिलं. श्यामकांत पुढे झुकला, त्या आरशात स्वतःचा अख्खा चेहरा धरला, तिच्या डोळ्यांत डोळे घातले. ती थेट त्याच्याकडे बघत होती. मागची काच नीट दिसत नसल्यासारखे तिचे डोळे बारीक झाले.

"मागे कोणी नाही ना?" तिने विचारलं.

"कोणी नाही," तो आवाज म्हणाला, आणि तिने गाडी मागे घेतली.